तळटीप : मायक्रोग्लिया

१. मायक्रोग्लिया – मेंदू व मज्जारज्जूत कायम वस्तीला असलेल्या रोगप्रतिकारक पेशी. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये सिल्व्हर कार्बोनेटने रंगवलेल्या छेदांत त्या स्वतंत्रपणे ओळखल्या. चेतापेशींशी त्यांचे कूळ जुळत नाही. गर्भाच्या पीतक कोशात उगम पावून त्या मेंदूत येतात. २००५ मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूचे निरीक्षण झाले, तेव्हा दिसले की निरोगी अवस्थेतही त्यांच्या बारीक फांद्या सतत लांबत-आखडत परिसर चाचपत असतात आणि सूक्ष्म इजा होताच काही मिनिटांत तिकडे वळतात. मृत पेशींचा निचरा त्या करतातच, शिवाय वाढत्या मेंदूत सी१क्यू, सी३ या प्रथिनांची खूण लागलेले अनावश्यक चेतासंधी गिळून जोडण्या नेटक्या करतात. अल्झायमरमध्ये त्या अमायलॉइडच्या गुठळ्यांना वेढतात. ट्रेम२ या जनुकातील काही बदलांमुळे हे काम दुबळे होते व आजाराचा धोका वाढतो. उलट, दीर्घकाळ चेतलेल्या पेशींमुळे चेतापेशींचीच हानी होते. म्हणून त्यांना सरसकट दडपणे हा उपचार ठरत नाही. त्यांचे संरक्षक काम राखून अपायकारक दाह आवरणे महत्त्वाचे. – संपा.