एग्री बिकावेर

* पृष्ठाच्या शेवटी नायक मागवतो ती ‘बैलाचं रक्त’ म्हणजे ईशान्य हंगेरीतील एगर या गावची लाल वाइन. १५५२च्या तुर्की वेढ्यात इश्तवान दोबोच्या शिपायांनी हीच पिऊन किल्ला राखला, ही आख्यायिका; कथा रंगतदार, पण बरीच नंतरची. ही वाइन एकाच जातीच्या द्राक्षांची नसते. मिश्रणात आज केकफ्रांकोशचा वाटा मोठा, पूर्वी कादार्काचा. अंगच्या आंबटपणामुळे ती पाप्रिका घातलेल्या गोमांसाच्या दाट रश्श्याशी, हरणाच्या किंवा रानडुकराच्या मांसाशी जुळते. नायक मात्र तिच्यासोबत गोड केक खातो, ते काही खरं नाही! माशांच्या तिखट रश्श्याबरोबर हंगेरियन लोक हलकी, निव्वळ कादार्काची वाइन पसंत करतात. — संपा.