ऋणाची उलटी वाट

आपल्या परंपरेने माणसाच्या माथी जी ऋणे सांगितली, त्यांपैकी पितृऋणाची फेड विलक्षण आहे. पित्याचे ऋण पित्याला परत देऊन फिटत नाही. ते पुढच्या पिढीच्या संगोपनाने फिटते. घ्यायचे मागच्यांकडून, द्यायचे पुढच्यांना, हा त्यातील न्याय. निवृत्तिवेतनाच्या अलीकडच्या इतिहासात मात्र ही वाट उलटी झालेली दिसते.

निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून सेवेने मिळविलेला हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये नकारा खटल्यात दिला. हक्क मान्य झाला. तो कोणाच्या मिळकतीतून भागवायचा, हा प्रश्न उरला. २००४ पासून केंद्राने नव्या सेवकांसाठी अंशदानाची योजना आणली. प्रत्येक पिढीने आपली शिदोरी आपणच बांधावी, हा तिचा आशय; परंतु तीबरोबर बाजाराच्या चढउतारांचे भयही सेवकाच्या वाट्याला आले. मार्च २०२२ मध्ये रायपूरच्या विधानसभेत मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी जुनी योजना परत आणण्याची घोषणा केली. वर्षभराने त्याच मागणीसाठी महाराष्ट्रातील सरकारी कर्मचारी संपावर गेले.

हा वृद्ध विरुद्ध तरुण असा सोपा सामना नव्हे. मागणी करणारे २००४ नंतर सेवेत आलेले, म्हणजे तुलनेने तरुणच होते. ज्यांच्या करांतून हे देणे फिटायचे, त्यांपैकी पुष्कळांना अद्याप मताधिकार नाही. कित्येकांचा जन्मही झालेला नाही. १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले, तरी पाळण्यातल्या ऋणकोचा आवाज मतपेटीपर्यंत पोहोचत नाही. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील लोकांचे प्रमाण छत्तीसगडात सुमारे ८, तर महाराष्ट्रात सुमारे १० टक्के होते. ते वाढतच जाणार आहे.

शिवाय वार्धक्यही सर्वांचे सारखे नसते. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात भात कापला, त्या साठीतल्या निर्धन शेतमजुरासाठी वृद्धापकाळ योजनेतील केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये आहे. निवृत्त अधिकारी त्याच्याच पिढीचा. पण त्याच्यापाशी संघटना आहे.

२०२५ मध्ये छत्तीसगड विधानसभेने निवृत्तिवेतन निधीचा कायदा केला. उद्याच्या देण्यासाठी आज काही बाजूला काढावे, एवढीच त्यामागील साधी बुद्धी. प्रस्तुत लेखक स्वतः निवृत्तिवेतनधारक आहे; म्हणूनच त्याला वाटते, की आपला हक्क मागताना अनुपस्थितांची बाजूही आपणच मांडली पाहिजे. ती मांडायला त्या सभेत दुसरे कोणी नसते.