परार्धाच्या अलीकडची एक संख्या

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त अंकस्थानांची अठरा नावे दिली आहेत. एकापासून निघालेली ही परंपरा अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य आणि मध्य अशी चढत परार्धापाशी थांबते, आणि तिच्यातून संख्येचे आकारमान नेमके कळते. संख्येच्या स्वभावालाही नाव द्यावे, ही रीत महाराष्ट्रात विसाव्या शतकात ज्यांनी मनोभावे चालवली ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) डहाणूत जन्मले, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, आणि १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीला शाळाशिक्षक होते.

त्यांनी नावारूपाला आणलेल्या संख्यांपैकी १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या घ्यावी. तिचा पहिला एक ‘मध्य’ या स्थानी येतो, म्हणजे परार्ध तिच्यापासून एकाच स्थानाच्या अंतरावर आहे. नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा ती वर्ग असून डावीकडून वाचली काय किंवा उजवीकडून, सारखीच राहते. १, १२१, १२३२१ अशा चढत जाणाऱ्या या वर्गांना कापरेकरांनी ‘डेमलो’ संख्यांत विशेष स्थान दिले. हे नाव मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरच्या, आज डोंबिवली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रेल्वे स्थानकाचे, कारण या संख्यांचा विचार त्यांना तिथे सुचला होता.

जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते तिला त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, म्हटले. पाश्चात्य लेखनात अशा संख्यांना गणिती निव्हेन यांचेही नाव मिळाले असले, तरी कापरेकरांचा शब्द अधिक बोलका आहे. वरील संख्येच्या अंकांची बेरीज ८१ येते, आणि ८१ने भागल्यावर १२३४५६७९ या संख्येचा वर्ग उरतो. म्हणून ती हर्षद ठरते. ‘स्वयंभू’ मात्र ती नाही. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते, जसे १५ मध्ये ६ मिळवून २१. आणि जिला असा जनक नसतो, उदाहरणार्थ २०, ती स्वयंभू. आपल्या संख्येला १२३४५६७८९८७६५४२४० हा जनक आहे, कारण त्याच्याही अंकांची बेरीज ८१ आहे.

अशा गुणांना गंभीर गणितात स्थान नाही, असे मत इंग्रज गणिती हार्डी यांनी १९४० मध्ये मांडले होते. त्यात तथ्य आहे: आपली संख्या दहाऐवजी बाराच्या पायावर लिहिताच अंक बदलतात, त्यांची बेरीजही बदलते, पण ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग हे अवयव, व त्यांतून होणारे ४५ विभाजक, तसेच राहतात. तरीही हे वर्गीकरण वरवरचे ठरवणे अन्यायाचे आहे, कारण अंकांच्या खेळामागे भाज्यतेचा खरा नियम उभा असतो. दहाला नवाने भागले की बाकी एक उरते, म्हणून संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांची नवाने येणारी बाकी सारखीच असते; नऊ एकांची बेरीज नऊ, म्हणून १११११११११ला नवाने भाग जातो, आणि तिच्या वर्गाला ८१ने.