रंग दिसला म्हणून ढाल ठरत नाही

समुद्री स्पंज एका जागी रुतून बसलेला असतो, उन्हापासून पळून जाणं त्याला जमत नाही. म्हणून त्याच्या अंगात राहणारे जिवाणू रंगद्रव्यं तयार करतात आणि ती त्याची उन्हाविरुद्धची ढाल होतात. तेव्हा हे जिवाणू वाढवून माणसासाठी निर्धोक, नैसर्गिक सनस्क्रीन बनवावं. जीवतंत्रज्ञानाच्या क्षेत्रातली मराठी तरुण मंडळी भेटतात, त्यांच्याकडून हा पूर्वपक्ष मी अनेकदा ऐकला आहे. मांडणारे हुशार आहेत, प्रामाणिक आहेत. पण प्रत्येक पायरीवर पुरावा मागितला की हा युक्तिवाद मध्येच अडतो.

त्यातलं खरं आधी मान्य करतो. स्पंजाचा रंग पुष्कळदा स्पंजाचा नसतो. भूमध्य समुद्रातला पेट्रोसिया फिसिफॉर्मिस उजेडात जांभळा असतो आणि काळोख्या गुहेत पांढरा, कारण रंग आणणारे सायनोबॅक्टेरिया उजेडाशिवाय तिथे टिकत नाहीत. रंगाचा धनी वेगळाच निघण्याचा अनुभव आपल्या मुंबईला तर जुना आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले डॉक्टर हेन्री जॉन कार्टर यांनी 1849 मध्ये मुंबई बेटावरच्या तळ्यांतल्या गोड्या पाण्यातील स्पंजांचं वर्णन प्रसिद्ध केलं. युनॅपियस कार्टराय ही जात आजही त्यांचं नाव वागवते आहे. याच कार्टरांनी 1858 मध्ये मुंबईच्या किनाऱ्यालगत समुद्र लाल का होतो याचा खुलासा केला. लाली पाण्याची नव्हती, पाण्यात दाटलेल्या पेरिडिनियम या सूक्ष्मजीवांची होती.

रंग जिवाणूंचा, इथपर्यंत वाद नाही. तो रंग उन्हाविरुद्धची ढाल आहे, हे मात्र त्यातून निघत नाही. जपानमध्ये 1950च्या दशकात रेनिएरा जापोनिका या स्पंजातून आयसोरेनिएरॅटीन नावाचं कॅरोटिनॉइड वेगळं काढलं गेलं. पुढे तेच द्रव्य हरित गंधक जिवाणूंच्या तपकिरी जातींत सापडलं. हे जिवाणू प्राणवायू नसलेल्या पाण्यात, जिथे उजेड जेमतेम पोचतो अशा खोलीवर राहतात, आणि तो अंधुक उजेड गोळा करायला हे रंगद्रव्य वापरतात. म्हणजे ज्याला आपण छत्री समजतो ते एखाद्या जिवाच्या घरी उजेड टिपायचं साधन असू शकतं. नुसत्या रंगावरून काम ओळखता येत नाही.

भौतिकशास्त्रही पूर्वपक्षाच्या बाजूने नाही. पिवळं किंवा नारिंगी रंगद्रव्य तसं दिसतं ते दृश्य प्रकाशातला निळा भाग शोषतं म्हणून. अतिनील किरण आपल्या डोळ्यांना दिसतच नाहीत, त्यामुळे नुसते तेच शोषणारं द्रव्य आपल्याला रंगहीन दिसतं. समुद्री जिवांत आढळणारी मायकोस्पोरिनसदृश अमिनो आम्लं 310 ते 360 नॅनोमीटरच्या पट्ट्यातले अतिनील किरण उत्तम शोषतात, आणि त्यांना रंग नाही. खरी छत्री शोधायची तर रंग पाहून निवड करणं ही सुरुवातच चुकीची. शिवाय भडक लाल-पिवळे स्पंज गुहांत आणि कपारींच्या खालच्या अंगालाही भरपूर वाढतात. तिथे ऊन कुठलं?

प्रयोगशाळेतलं काम तपासताना माझा आक्षेप अधिक तीव्र होतो. स्पंजाचा तुकडा वाटून पेट्री डिशवर पसरतात, तपकिरी वसाहत उगवते, आणि स्पंजाचा रक्षक सापडल्याचं जाहीर होतं. पण एक किलो स्पंज दिवसाला हजारो लिटर पाणी स्वतःतून गाळतो. बॅसिलस, स्यूडोमोनास, व्हिब्रिओ हे जिवाणू समुद्रात सर्वत्र आहेत. ते स्पंजाच्या पोटात सापडले यावरून ते तिथले रहिवासी ठरत नाहीत; ते गिळलेलं अन्नही असू शकतात. त्यातून रंग यावा म्हणून माध्यमात टायरोसिन हे अमिनो आम्ल मुद्दाम भरपूर घातलेलं असतं. अनेक जिवाणूंत टायरोसिनचं विघटन मध्येच अडतं, होमोजेन्टिसिक आम्ल साचतं, पेशीबाहेर जातं आणि हवेशी संयोग होऊन काळवंडतं. त्याला पायोमेलॅनिन म्हणतात. अल्काप्टोन्यूरिया या विकारात माणसाची लघवी काळी पडते ती याच आम्लामुळे. ते काळवंडणं जसं त्या रुग्णाचं संरक्षण नसतं, तसं डिशमधलं तपकिरी द्रव्यही निव्वळ चयापचयाचा गाळ असू शकतं. त्याचा जिवाणूला उपयोग होतही असेल, पण तो दाखवावा लागेल.

मग सनस्क्रीनचा आकडा येतो. अशा शोधनिबंधांत एसपीएफ बहुधा मन्सूर यांच्या 1986च्या सूत्राने काढलेला असतो. त्यात अल्कोहोलमधल्या पातळ द्रावणाचं 290 ते 320 नॅनोमीटरमधलं शोषण मोजतात. पण पायोमेलॅनिनसारखं मेलॅनिन अल्कोहोलमध्ये जेमतेम विरघळतं. आणि त्वचेवर थर टिकतो का, उन्हात द्रव्य विघटतं का, हे या सूत्राला ठाऊक नसतं.

मग ही रंगद्रव्यं कशापासून रक्षण करत असतील? माझ्या मते उन्हाइतकाच, कदाचित जास्त, विचार खुद्द स्पंजाचाच करायला हवा. स्पंज जिवाणू खाऊन जगतो. संशोधक विल्किन्सन यांनी 1984 मध्ये दाखवलं की समुद्रातले जिवाणू स्पंज पचवतो, पण त्याचे सहवासी जिवाणू न पचता बाहेर पडतात. खाणाऱ्याच्या अंगात न खाल्लं जाता राहायचं, तर पेशीच्या आवरणाला आणि त्यातल्या द्रव्यांना तिथे काम असणारच. सायनोबॅक्टेरिया प्रकाशसंश्लेषण करतात तेव्हा ऊतींत प्राणवायू साचतो, त्यातून निघणाऱ्या दाहक रेणूंना कॅरोटिनॉइडं थोपवतात. रक्षण म्हणायचं तर या दिशेने पुरावा शोधावा.

यावर उत्तर येतं की कारण काहीही असो, द्रव्य उपयोगी असलं म्हणजे झालं. मान्य, पण मग स्पंज कशाला हवा? पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी यारोविया लिपोलिटिका या समुद्री यीस्टला एल-डोपा पुरवून मेलॅनिन मिळवलं आहे. त्यासाठी एकही स्पंज खरवडावा लागला नाही.

स्पंजाचं नाव घ्यायचं असेल तर मालवणला किंवा रत्नागिरीला बुडी मारणाऱ्याने स्पंजाच्या तुकड्याबरोबर शेजारच्या पाण्याची बाटलीही भरून आणावी. तोच जिवाणू वेगवेगळ्या ऋतूंत स्पंजात भरपूर आणि पाण्यात विरळ आहे का, ते पाहावं. रंगद्रव्य ताज्या ऊतीत, त्या पेशीच्या जागीच, रामन वर्णपटाने सापडतं का ते तपासावं. आणि रंगाचं जनुक बंद केलेला जिवाणू त्याच स्पंजात टिकतो की पचतो, हेही मोजावं. हा शेवटचा प्रयोग फार अवघड आहे, कारण यातले बहुतेक सहवासी अजून डिशवर वाढतच नाहीत.