मार्च १९८८ : दहावीची परीक्षा आणि बंद फाटके

१९८८ चा मार्च महिना आपल्या बॅचला दहावीच्या परीक्षेमुळे लक्षात आहे. त्याच महिन्यात अमेरिकेत, वॉशिंग्टन शहरात, आपल्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असलेल्या बधिर विद्यार्थ्यांनी आपल्या विद्यापीठाची फाटके अडवून धरली होती. आपल्यापर्यंत ती बातमी तेव्हा पोहोचली नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने ती सांगावीशी वाटते, कारण त्या लढ्यात माजी विद्यार्थ्यांचा वाटा मोठा होता.

गॅलॉडेट विद्यापीठ बधिर विद्यार्थ्यांसाठी आहे. त्याला पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर १८६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी सही केली. पुढच्या १२४ वर्षांत तिथे सहा अध्यक्ष, म्हणजे आपल्याकडचे कुलगुरू, झाले. सहाही जण ऐकू येणारे. या वेळी तरी बधिर अध्यक्ष हवा, यासाठी काही तरुण माजी विद्यार्थ्यांनी पुढाकार घेऊन १ मार्चला मोठी सभा भरवली. अंतिम तीन उमेदवारांत दोघे बधिर होते. तरीही ६ मार्चला विश्वस्त मंडळाने एलिझाबेथ झिन्सर यांची निवड जाहीर केली. त्यांना ऐकू येत होते आणि सांकेतिक भाषा येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठ बंद पडले. मागण्या चारच होत्या : अध्यक्ष बधिर असावा, मंडळाच्या प्रमुख जेन स्पिलमन यांनी राजीनामा द्यावा, मंडळावर ५१ टक्के सदस्य बधिर असावेत आणि आंदोलकांवर सूडाची कारवाई होऊ नये. प्राध्यापक आणि कर्मचारीही विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिले. १० मार्चला झिन्सर यांनी पद सोडले, तरी दुसऱ्या दिवशी संसदेवर मोर्चा निघालाच. १३ मार्चला आय. किंग जॉर्डन हे गॅलॉडेटचे पहिले बधिर अध्यक्ष झाले. स्पिलमन यांच्या जागी फिलिप ब्राव्हिन हे बधिर गृहस्थ आले. चारही मागण्या मान्य झाल्या.

एका पदासाठी एवढा संताप का झाला? त्याचे मूळ १८८० च्या मिलान परिषदेत सापडते. बधिर मुलांना खुणांनी नव्हे, ओठ वाचून आणि बोलूनच शिकवावे, असा ठराव तिथे झाला. दीडशेहून अधिक प्रतिनिधींत बधिर शिक्षक फक्त एक होता. त्यानंतर जगभरच्या शाळांत मुलांच्या हातांवर बंदी आली. घरी अहिराणी आणि वर्गात पुस्तकी मराठी अशी कसरत केलेल्या आपल्यासारख्यांना यातले दुःख थोडे तरी कळेल. आपल्याला निदान दोन्ही भाषा ऐकू येत होत्या. त्या मुलांची तर एकुलती एक सहज भाषाच काढून घेतली गेली.

आपल्या देशातही असा लढा झाला. भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन आणि प्रशिक्षण करणारे केंद्र २०११ मध्ये दिल्लीला इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात मंजूर झाले आणि २०१३ मध्ये बंद पडले. एप्रिल २०१५ मध्ये शासनाने ते मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेच्या दिल्लीतील शाखेत विलीन करायचे ठरवले. बधिर समाज याविरुद्ध उभा राहिला. श्रवणदोषावर काम करणारी संस्था वेगळी आणि भाषेवर काम करणारी वेगळी, हे त्यांचे म्हणणे होते. निदर्शने झाली, मंत्र्यांच्या भेटी झाल्या आणि सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्र स्वतंत्र संस्था म्हणून उभे राहिले. २०२१ पर्यंत त्याच्या सांकेतिक भाषेच्या कोशात १०,००० शब्द झाले होते.

स्वतःची संस्था कशासाठी, हे खान्देशाला समजावून सांगायला नको. १९९० पूर्वी जळगाव-धुळ्याची महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. विद्यापीठाचे काम निघाले की पुण्याची वाट धरावी लागे. पुणेकर वाईट होते असे नाही, पण आपली अडचण मांडणारा माणूस बैठकीत असणे महत्त्वाचे असते. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले. आज ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. आपल्यातले कितीतरी जण त्याच्या सुरुवातीच्या वर्षांतले पदवीधर आहेत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा ठेवल्या आहेत. पण प्रवेश मिळणे वेगळे आणि वर्गात काय चालले आहे ते समजणे वेगळे. दुभाषा नसेल, तर बधिर विद्यार्थी पहिल्या बाकावर बसूनही वर्गाबाहेरच राहतो.

आपल्या बॅचमधले काही जण आज प्राध्यापक आहेत, काही संस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत. त्यांना एकच विनंती. बधिर मुलांच्या शिक्षणाचा विषय निघेल त्या बैठकीत एक तरी बधिर व्यक्ती सदस्य म्हणून बोलवा, सोबत दुभाषा ठेवा आणि तिचे मत कार्यवृत्तात नोंदवा. ‘मुका’, ‘बहिरा’ असे हाक मारायचे शब्द आता सोडून देऊ. त्या माणसाला त्याच्या नावाने ओळखू.