कोतवाल बुकाची नक्कल

नागपुरात अनुसूचित जमातीचा दाखला काढायचा, तर आधार कार्डाने भागत नाही. बाप, आजा, पणजा यांच्यापैकी कोणाची तरी जमात ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या, म्हणजे राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जमातींची यादी ठरण्याआधीच्या, कागदावर दाखवावी लागते. विदर्भात अशा कागदांत शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराच्या जोडीने मान मिळतो तो कोतवाल बुकाच्या नकलेला. वास्तविक हे बुक कोणाची ओळख पटवायला लिहिलेलेच नव्हते. मध्य प्रांताच्या सरकारला हवा होता पटकी, देवी आणि तापाने मेलेल्यांचा हिशेब. गावची राखण करणाऱ्या कोतवालाने जन्म-मृत्यूची खबर ठाण्यावर पोचवायची, अशी ती व्यवस्था. कोतवाल बहुधा निरक्षर, म्हणून नोंद दुसऱ्याच कोणाच्या हातची. खबर बारशाआधीच गेली, तर बाळाचे नावही नोंदीत नसे. बापाचे नाव, त्याची जात, तारीख आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, एवढेच. आता हा निनावी मुलगा म्हणजेच आपला आजा, हे पटवायला वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र जोडावे लागते.

तरीही या नोंदीला वजन आहे, आणि ते रास्त आहे. लिहिणाऱ्याला तेव्हा आरक्षण ठाऊक नव्हते, त्यामुळे खोटे लिहिण्यात कोणाचा लाभ नव्हता. स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदांना अधिक महत्त्व द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये म्हटले. पण निःस्वार्थ नोंद अचूकच असते असे नाही. लिहिणारा घरात शिरून चौकशी करत नव्हता. मागावर बसलेला माणूस दिसला की ‘कोष्टी’ लिहून तो मोकळा होऊ शकत होता. विणकरी करणारी घरे यादीतल्या हलबा जमातीची की कोष्टी जातीची, या नागपूरच्या हलबा-कोष्टी वादात असाच एकेक शब्द पिढ्यांना पुरला. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रपतींच्या आदेशातली यादी जशी आहे तशीच वाचायची, असे ठरवले. यादीबाबत तो निकाल योग्यच होता. मात्र जुन्या रकान्यात शब्द कसा आला, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

अशी नोंद सरकारनेच शोधून द्यावी म्हटले, की खोट्या दाखल्याने खऱ्या आदिवासीची जागा जाते, म्हणून पुरावा अर्जदारानेच द्यावा, हा आक्षेप येतो, आणि तो मोठा आहे. त्यासाठीच १९९४ च्या माधुरी पाटील निकालाने पडताळणी समित्या आणि दक्षता पथके आणली. पुढे राज्याच्या जातपडताळणी कायद्याच्या कलम ८ ने सिद्धतेचा भार दावेदारावर ठेवला. तो राहू द्या. पण सिद्ध करणे वेगळे आणि शोधणे वेगळे. बुक सरकारचे, ते ठेवलेली खोली सरकारची, शंकाही सरकारचीच. मग गाव आणि वर्ष नेमके सांगून नक्कल मागणारा मजूर तहसीलीच्या अभिलेख कक्षाच्या दारात किती खेपा घालणार? जुनी पाने खडाखोडीची असतात, नकला बनावट निघतात, हेही खरे. मग तर पहिल्यापासून मूळ बुकच समितीने मागवलेले बरे, कारण नकलेच्या वाटेवर होणारी फसवणूक तेवढ्याने टळते. एवढी दप्तरे चाळणे प्रशासनाला झेपणार नाही, ही सबब २०२३ नंतर टिकत नाही. कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा महसुली यंत्रणेने स्वतःची जुनी रजिस्टरे स्वतः उघडली आणि सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या दबावाखाली जमले, ते हलबा, गोंड किंवा माना अर्जदाराच्या एका अर्जावरही जमायला हवे.