मास्तरांचं झाड, दुसऱ्यांची नावं

आज एका फळाची गोष्ट. आपल्याकडे कुणी त्याला नाशपाती म्हणतं, कुणी नुसतंच पेर. त्यातली जगभर गाजलेली जात म्हणजे बार्टलेट. पिकली की पिवळी, मऊ, रसाळ. आपल्या हिमाचल-काश्मीरमध्येही ती लावतात. पण हे बार्टलेट साहेब कोण? गंमत म्हणजे, या जातीच्या जन्माशी त्यांचा काहीच संबंध नाही.

गोष्ट सुरू होते इंग्लंडमध्ये. बर्कशायर परगण्यातलं अल्डरमास्टन गाव, साल साधारण १७७०. तिथल्या शाळामास्तरांच्या बागेत हे झाड होतं. मास्तरांचं नाव जॉन स्टेअर असं सांगतात. आता बघा, नाशपातीचं बी पेरलं तर आईसारखंच फळ येईल याची खात्री नसते. बहुतेक वेळा बारीक, तुरट फळं हाती येतात. मास्तरांच्या बागेत मात्र लॉटरी लागली होती!

अशी लॉटरी टिकवायची तर एकच उपाय, कलम. आपण हापूसचं करतो तेच. फांदीची काडी घ्यायची आणि दुसऱ्या झाडाच्या खुंटावर बांधायची. लंडनजवळ टर्नहॅम ग्रीनला रिचर्ड विल्यम्स नावाचे नर्सरीवाले होते. त्यांनी या झाडाची कलमं विकली आणि फळाचं नाव पडलं 'विल्यम्स'. मास्तर मागे पडले ते पडलेच.

अठराव्या शतकाच्या शेवटी ही झाडं अमेरिकेत, बोस्टनजवळच्या रॉक्सबरीत थॉमस ब्रूअर यांच्या जमिनीवर लागली. पुढे ती जमीन इनॉक बार्टलेट यांनी घेतली. झाडं होती, फळं उत्तम होती, पण जातीचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. मग काय, ते बार्टलेटच्या नावानं खपू लागलं. १८२८ च्या सुमाराला युरोपातून नवी झाडं आली तेव्हा कळलं, अरेच्चा, हे तर आपलं विल्यम्स! पण तोवर नाव पक्कं झालं होतं. आजही ब्रिटनमध्ये विल्यम्स, अमेरिकेत बार्टलेट.

म्हणजे जगातलं प्रत्येक अस्सल बार्टलेट हे मास्तरांच्या त्या एका झाडाचाच तुकडा. मुळं नवी, लाकूड तेच. त्यामुळे चव सगळीकडे गेली, तशी कमजोरीसुद्धा गेली.

ती कमजोरी म्हणजे फायर ब्लाइट. हा जिवाणूचा रोग मूळचा उत्तर अमेरिकेतला. फांदी जळल्यासारखी काळी पडते, कोवळा शेंडा छत्रीच्या मुठीसारखा वाकतो. १८८० च्या आसपास इलिनॉयचे थॉमस बरिल यांनी यामागे जिवाणू आहे हे दाखवलं. जिवाणूंमुळे झाडालाही रोग होतो, हे तोवर कुणी सिद्ध केलं नव्हतं. मास्तरांच्या इंग्लंडमध्ये हा रोग पोचला थेट १९५७ साली. बार्टलेट त्याला फार लवकर बळी पडतं. सगळी झाडं आतून एकसारखीच, मग एकाला जे भोवतं ते सगळ्यांनाच भोवणार.

म्हणून थंड प्रदेशात ज्यांच्या परसात हे झाड आहे, ते रोगट फांदी काळ्या भागाच्या बरीच खाली, निरोगी लाकडात कापतात आणि कात्री निर्जंतुक करतात. नत्र खत हात राखून देतात, कारण भराभर फुटलेल्या कोवळ्या फुटीवर रोग आधी बसतो. परागीभवनासाठी जवळ दुसऱ्या जातीचं झाड लावतात. झाड बुटकं राहावं म्हणून क्विन्सच्या खुंटावर कलम करायची जुनी पद्धत आहे, पण बार्टलेटचं त्याच्याशी नीट जुळत नाही. मग मधे तिसऱ्याच जातीचा तुकडा घालतात. एका झाडात तीन झाडं!

आणि फळ झाडावर पिकू देत नाहीत, नाहीतर ते आतून पिठूळ होतं. फळ हातात धरून आडवं करायचं. देठ सहज सुटला, तर तोडायचं आणि घरात पिकवायचं.